जुनी गाडी कुणाच्या हाती द्यायची?

सकाळचे साडेअकरा. गॅसवर कुकरची दुसरी शिट्टी, टेबलावर बचत गटाची हिशेबाची वही आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन होता. आदल्या दिवशी गाडी तिथे सोडून आले होते.

"मॅडम, एस्टिमेट एक्केचाळीस हजार तीनशे झालंय. काम सुरू करू का?"

हातातला डाव हातातच राहिला. एक्केचाळीस हजार! आमची गाडी २०१२ सालची. लहानशी, पेट्रोलवर चालणारी. विकायला काढली तर लाखभर रुपये मोठ्या मुश्किलीने यायचे. मी विचारलं, "एवढं कशाकशाचं झालं?" पलीकडून एका दमात यादी आली. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, थ्रॉटल बॉडी, कोटिंग आणि आणखी काय काय. मी म्हटलं, "क्लचला काय झालंय? चालवताना मला तर काही जाणवत नाही." त्यावर तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते टेक्निकल आहे. सर असतील तर त्यांना फोन देता का?"

मैत्रिणींनो, त्या 'सर' शब्दाने माझं डोकं फिरलं. आमचे 'सर' कपड्याच्या धंद्यापायी आठवड्याचे पाच दिवस सुरतेला असतात. गाडी चालवते मी. पेट्रोल भरते मी. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाला तहसील कचेरीत, कुणाच्या लेकीला सासरहून आणायचं असो, रात्री-बेरात्री ही गाडी निघते ती माझ्या हातानेच. आणि तिच्या क्लचबद्दल बोलायला मात्र सर पाहिजेत!

सुरतेला फोन केला. हे म्हणाले, "अगं, कंपनीतच करून घे. डोक्याला ताप नको." शेजारच्या वहिनींनी नेमकं उलटं सांगितलं. "वॉरंटी संपलेली गाडी कंपनीत कोण देतं? नुसतं लुटतात. आमच्या ओळखीचा एक जण आहे, निम्म्याहून कमी पैशांत करून देईल." रागाच्या भरात मी दुपारीच तपासणीचे पैसे भरून गाडी परत आणली आणि वहिनींच्या ओळखीच्या गॅरेजला टाकली. संध्याकाळी गाडी तयार. नऊ हजार रुपये. बिल नाही, यादी नाही. "ऑइल बदललं, ब्रेक बनवला, आता बिनधास्त पळवा," एवढंच. बत्तीस हजार वाचवल्याच्या आनंदात मी घरी शिरा केला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

त्यानंतर तीन आठवड्यांची गोष्ट. जुलै महिना, धो धो पाऊस. आमच्या गटातल्या एकीच्या लेकीला नववा महिना. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नाव घातलेलं. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावायला हवा होता, पण गाडी दारात उभी होती. मीच म्हटलं, चला, बसा. अंजूरफाटा मागे टाकला, काल्हेर गेलं, कशेळीचा पूल जवळ आला. पुढे कंटेनर. त्याचे लाल दिवे लागले म्हणून मी ब्रेक दाबला, तर पेडल मऊ लोण्यासारखं खाली गेलं. जवळजवळ तळाला टेकलं.

पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. भराभर पेडल मारलं, गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा कंटेनरची मागची बाजू हातभर अंतरावर होती. मागच्या सीटवर ती पोर आईचा हात धरून कण्हत होती. मागून आलेल्या एका भल्या काकांनी चौकशी केली आणि दोघी मायलेकींना आपल्या गाडीतून कळव्याला पोचवलं. रात्री मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी मात्र रस्त्याच्या कडेला भिजत उभी होते. गाडी स्वस्तात झाली म्हणून किती खूश होते मी! काय विकून बसले असते त्या बत्तीस हजारांत?

तांब्याचं वायसर

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून तिसऱ्याच गॅरेजला नेली. वंजारपट्टी नाक्याकडच्या गल्लीत दोन गाड्या मावतील एवढी जागा. मालकांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीचेच. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला शटर खाली, एरवी सकाळी नऊ ते रात्री आठ. मी आपली सवयीने बाकावर बसले, तर त्यांनी हाक मारली, "वहिनी, इकडे या. लांबून काय दिसणार?"

चाक काढलेलं होतं. ब्रेकचा रबरी होज जिथे बसतो तिथून तेल गळून सगळं ओलं झालेलं. उस्तादांनी बोल्ट सोडवून एक बारकं तांब्याचं वायसर माझ्या तळहातावर ठेवलं. "हे बघा. होज उघडला की हे नवीन टाकायचं. एकदा आवळलं की चपटं होतं. तेच परत लावलं तर कधी ना कधी गळणारच. ज्याने काम केलं त्याने एवढ्याशा वायसरचा कंटाळा केला." किंमत विचारली. काही रुपये! मग त्यांनी जुने ब्रेक पॅड दाखवले. त्यावर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. तेलही जुनंच होतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ते तापलं की लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. म्हणून गाडी कमी फिरली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा कळलं.

आमच्या सासऱ्यांचे कधीकाळी आठ माग होते. भिवंडीतले कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले होते, पण इथे येऊन ते वर्षानुवर्षं चालले. कारण जॉबर. माग बिघडला की जॉबर आधी कान लावायचा, मग पाना उचलायचा. मामंजी म्हणायचे, यंत्र जुनं झालं म्हणून घाबरू नये, त्याच्याकडे बघणारा माणूस कच्चा असला तर घाबरावं. उस्तादांच्या गॅरेजमध्ये ते वाक्य पुन्हा आठवलं.

पर्समध्ये कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट अजून होतं. मी ते पुढे केलं. वाटलं, आता उस्तादही 'लुटतात' म्हणतील. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि एकेका ओळीपुढे खुणा केल्या. ब्रेकचं काम ८,४०० रुपये: "हे बरोबर लिहिलंय, लगेच करायला हवं होतं." ऑइल, फिल्टर, प्लग अशी नेहमीची सर्व्हिस ४,३००: "हेही ठीक." सस्पेन्शनचे बुश आणि लोअर आर्म ७,२००: "खरं आहे, पण दोन महिने थांबलं तर चालेल." क्लच ११,६००: यासाठी त्यांनी हँडब्रेक ओढून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडलं. "म्हणजे क्लच धरतोय. घसरत असता तर इंजिन चालूच राहिलं असतं. सध्या हात लावू नका." उरलेले ९,८०० इंजिनवरचं कोटिंग, खालचं कोटिंग, थ्रॉटलची सफाई, एसीचा फवारा, दिव्यांचं पॉलिश यांचे. "ही हौस. पैसे असले तर करा."

मी गप्प झाले. म्हणजे कंपनीच्या त्या मुलाने ब्रेकचं सांगितलं होतं ते शंभर टक्के खरं होतं! चूक त्याची एवढीच, की खरं काम आणि हौस त्याने एकाच यादीत कालवली आणि मला समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत. आणि माझी चूक त्याहून मोठी. एक्केचाळीस हजारांच्या रागात मी त्यातले खरे आठ हजारही फेकून दिले. 'कंपनी की गॅरेज?' हा प्रश्न घेऊन मी महिनाभर फिरत होते. विचारायला हवं होतं ते वेगळंच. कोणतं काम? ते आत्ताच का? आणि ते केल्याचा पुरावा काय?

कोणतं काम कुठे?

त्यानंतर मी कामांची सरळ वाटणी केली. गाडी वॉरंटीत असेपर्यंत नेहमीची सर्व्हिस कंपनीत, यात वाद नाही. सगळ्या नोंदी एका जागी राहतात. वॉरंटी संपली की ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, बुश, क्लच, बॅटरी ही कामं चांगलं गॅरेज तितकीच नीट करू शकतं आणि मजुरीत बराच फरक पडतो.

पण कंपनीशी नातं अगदीच तोडायचं नाही. एअरबॅग, चोरी रोखणारी चिपवाली किल्ली, इंजिनचा कंट्रोल युनिट अशा कामांना कंपनीची यंत्रसामग्री लागू शकते. आणि दुसरं म्हणजे 'रिकॉल'. एखाद्या भागात मुळातच दोष सापडला तर कंपनी गाड्या परत बोलावून तो फुकट बदलून देते. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे याचा नियम आहे, पण तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू. तरी त्याहून जुन्या गाड्याही कंपन्यांनी स्वतःहून बोलावल्या आहेत. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये दोष निघाला, तेव्हा होंडासारख्या कंपन्यांनी भारतातल्या जुन्या गाड्यांतही तो भाग मोफत बदलला. आपली गाडी अशा यादीत आहे का, हे चासी नंबर सांगून कंपनीत विचारता येतं. गल्लीतल्या गॅरेजला ते कळणार नाही. अपघाताच्या कामात विम्याचं कॅशलेस हवं असेल तर ते गॅरेज आपल्या विमा कंपनीच्या यादीत आहे का, तेही आधी बघायचं.

सुट्या भागांचंही असंच. 'ओरिजिनल' म्हणजे फक्त गाडीच्या कंपनीच्या डब्यातलं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मोटार कंपन्या कितीतरी भाग दुसऱ्यांकडून बनवून घेतात, आणि तेच उत्पादक आपल्या नावाच्या खोक्यातही माल विकतात. बॉशचे प्लग, गॅब्रिएलचे शॉक ॲब्सॉर्बर ही ओळखीची नावं. असा नावाचा माल घ्यायला हरकत नाही. बिननावाच्या मालाला मात्र, निदान ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत, हात लावायचा नाही.

आपल्या गावची गाडी

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, अमुक हजार किलोमीटरला अमुक करा. पण पुस्तक लिहिणाऱ्याने भिवंडी पाहिलेली नसते! आपल्या हवेत मागांचे कापसाचे तंतू, रस्त्यावर गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांची धूळ, पावसाळ्यात खड्डे आणि खड्ड्यांत पाणी. म्हणून एअर फिल्टर मी पुस्तकातल्या तारखेची वाट न बघता मध्येच उघडून झटकून घेते, फार माखला असेल तर बदलते. एसीच्या फिल्टरमधून तर एकदा वातीएवढा कापूस निघाला. पावसाळा संपला की व्हील अलाइनमेंट आणि बुश तपासून घेते. टायर नुसते काळे कुळकुळीत दिसले म्हणून फसायचं नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जाऊन बघा, आपल्या गाडीचं स्टेपनी किती वर्षांचं म्हातारं आहे ते!

एक नवी गोष्टही लक्षात ठेवायला हवी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्या तो हिशेब धरून बनलेल्या नाहीत. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितलं. म्हणून दर सर्व्हिसला पेट्रोलच्या नळ्यांना चीर पडली आहे का, हे बघायला सांगते. पेट्रोलचा वास आला तर 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देत नाही.

हक्काचं बोलू

"बाहेर काम केलंत तर वॉरंटी गेली," ही धमकी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने कंपन्यांना बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण प्रश्न तिथून चव्हाट्यावर आला. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. आणि फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

पण तक्रारीला आधार लागतो तो बिलाचा. माझ्याकडे त्या नऊ हजारांचा कागदाचा चिटोराही नव्हता. कुणाकडे आणि काय तक्रार करणार? सप्टेंबर २०२५ पासून सुटे भाग आणि मजुरी, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला आपणच म्हणतो, "बिल नको, कमी करा." त्या वाचलेल्या पैशांबरोबर आपला हक्कही जातो.

म्हणून आता कंपनी असो की उस्ताद, माझे पाच प्रश्न ठरलेले. काय बिघडलंय ते मला दाखवाल का? आत्ता नाही केलं तर काय होईल? कोणत्या नावाचा माल टाकणार? काढलेला जुना भाग मला परत द्याल का? आणि किलोमीटरच्या आकड्यासकट पक्कं बिल मिळेल का? या पाचांतल्या एकालाही जो कपाळाला आठी घालतो, त्याच्याकडे गाडी ठेवायची नाही. मग त्याच्या दुकानाला काच असो की ताडपत्री! काम झाल्यावर पैसे देण्याआधी स्वतः एक चक्कर मारायची. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून बघायचा. गाडी आपण चालवतो, तिचा आवाज आपल्या कानाला ठाऊक असतो. वरण करपायला लागलं की स्वयंपाकघराबाहेरून कळतं ना आपल्याला, तसंच.

उस्तादांकडे माझं त्या वेळी ब्रेक, सर्व्हिस मिळून तेरा हजारांच्या आतच बिल झालं. सस्पेन्शन दिवाळीनंतर केलं. क्लच अजून तोच आहे. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. मग आरटीओत तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारीला पाच हजार झाली आहे. तेव्हा मात्र मी बसून मोठा हिशेब करणार आहे. वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागला, किंवा पत्र्याला आतून गंज लागला, तर डोळे पुसून तिला निरोप द्यायचा. तोवर ती धावेल.

मध्यंतरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही जाऊन आले. चासी नंबर देऊन रिकॉलची चौकशी केली. आमच्या गाडीचं काही निघालं नाही. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याला म्हटलं, "बाळा, तू ब्रेकचं बरोबर सांगितलं होतंस. पण पुढच्या वेळी बाईला फोन केलास ना, तर बाईलाच समजावून सांग. तुझं ऐकलं असतं मी." तो ओशाळला. म्हणाला, "सॉरी मॅडम, आम्हालाही टार्गेट असतात." खरंच असतील. नोकरी त्यालाही टिकवायची असते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून एकेक छोटी वही दिली. आत रकाने आखलेले. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या नावाचं, किती रुपये. आमच्या गटातल्या अर्ध्या जणींकडे स्कूटी आहे, दोघींच्या घरी रिक्षा आहे. आधी सगळ्या हसल्या. "वाणात प्लास्टिकचे डबे परवडले गं, हा अभ्यास कशाला?" मग मी ते तांब्याचं वायसर काढून सगळ्यांच्या हातांतून फिरवलं आणि कशेळीची गोष्ट सांगितली. ती मायलेकही तिथेच बसली होती, मांडीवर बाळ घेऊन. बाळाने वायसरकडे हात केला, तशी आजीने ते चटकन काढून घेतलं. त्यानंतर कुणी हसलं नाही. रिक्षावाल्याच्या बायकोने तर दोन वह्या मागून नेल्या.